वाकळीखालची गाडी

नवी गाडी ताब्यात घेताना मी तिच्या पाचही टायरांचे नंबर वहीत उतरवून घेतले आणि चासी नंबर पाहिला नाही.

पाच म्हणजे डिकीतली स्टेपनी धरून. ती तर मी दोनदा तपासली, कारण नव्या गाडीची स्टेपनी काढून जुनी घालतात असं आमच्या ऑफिसातल्या एकानं मला बजावून सांगितलं होतं. त्याच्याकडे सायकल होती. चारचाकीत तो बसलाच असेल तर कुणाच्या तरी वरातीत. तरी मी त्याचं खरं मानलं. माझं असंच आहे. कुणी चांगलं सांगितलं की मला पुरावा लागतो. वाईट सांगितलं की लागत नाही.

हा स्वभाव मूळचा की नोकरीनं लावलेला, ते नक्की सांगता येणार नाही. मी मोजणी खात्यात होतो. सातारा जिल्ह्यातल्या शेतांच्या हद्दी मोजायच्या, खुणा दाखवायच्या, नकाशा करायचा. हद्दीचा दगड दर पावसाळ्यात दोन हात शेजारच्या रानात सरकतो, आणि विचारलं तर दगडाला हात लावलेला माणूस अख्ख्या गावात सापडत नाही, हे मी वीस वर्षं पाहत होतो. सातबारा एकाचा आणि नांगर दुसऱ्याचा, हे तर रोजचं. "कागद वेगळा, जमीन वेगळी," हे वाक्य मी बांधाबांधांवर उभं राहून किती ऐटीत म्हटलं असेल! तेच वाक्य चार चाकं लावून माझ्या दारात येईल असं वाटलं नव्हतं.

नव्वदीतली गोष्ट. तोवर चारचाकी म्हणजे डॉक्टर, बागायतदार नाहीतर साखर कारखान्याचा संचालक. मग फायनान्स कंपन्या निघाल्या आणि आमच्यासारख्यांनाही "या साहेब, बसा साहेब" म्हणणारं कुणीतरी भेटू लागलं. माझा मेव्हणा सांगलीत राहायचा, कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होता. त्यानं तिथल्या एका शोरूमची माहिती काढली, शोरूममध्येच टेबल टाकून फायनान्सवाला बसतो म्हणाला, आणि दसऱ्याला गाडी मिळेल असं ठरवूनही आला. मला लगेच शंका आली. याला एवढी घाई कशाची?

दसऱ्याच्या सकाळी शोरूमच्या आवारात पंचवीसेक गाड्या ओळीनं उभ्या होत्या, हार घालून. सगळ्यांना त्याच दिवशी, त्याच मुहूर्ताला गाडी हवी आणि गुरुजी मात्र एक. ते ओळीच्या एका टोकाकडून स्वस्तिक काढत, चाकाखाली लिंबू ठेवत, नारळ वाढवत पुढं येत होते, आणि त्यांच्या मागोमाग फाइलींचा गठ्ठा घेऊन शोरूमचा कारकून. "इथं सही. इथं पण. आणि खाली." किडकिडीत माणूस, बोटं शिसपेन्सिलीनं काळी झालेली. ती काळी बोटं मला खटकली. पण मी बोटांकडेच बघत राहिलो आणि ती ज्या कागदावर टेकली होती त्यावर सही करून मोकळा झालो. मुहूर्त सरत चालला होता. आमची ही ओवाळणीचं ताट धरून तिष्ठत होती आणि माझा अजून चौथा टायर व्हायचा होता.

शेजारी अगदी आमच्यासारखीच पांढरी गाडी उभी होती. तिचा मालक, उंच, भरघोस मिशांचा, बॉनेट उघडून आत वाकून काहीतरी वाचत होता.

मी हिला हळूच म्हणालो, "बघ. मुहूर्त टळतोय आणि हा गडी इंजिन वाचतोय. अडाणी असतात एकेक."

ही म्हणाली, "तुम्ही टायर वाचताय. चला आता."

साताऱ्यापर्यंत गाडी मी स्वतः चालवत आणली. वाटेत कराडला चहाला थांबलो तेव्हा परत येऊन पाचही नंबर ताडून पाहिले. बरोबर होते.

इथं आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा. अनोळखी माणसाचं रजिस्टर पत्र आलं तर घ्यायचं नाही. मोजणी करणाऱ्याच्या घरी खेड्यापाड्यांतून येणारी रजिस्टर पत्रं दोनच प्रकारची. एक, बांधाच्या भांडणात हरलेल्याची धमकी. दोन, जिंकू पाहणाऱ्याचं आमिष. दोन्ही हातात घेतली की आपण अडकलो. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं ऑफिसात अर्ज करावा. हे मी हिला इतकं घोकून ठेवलं होतं की पोस्टमन पाकीट पुढं करायचा आणि ही ते उलटसुद्धा न करता म्हणायची, "नकार लिहा." दसऱ्यानंतरच्या आठवड्यातही तिनं असंच एक परत पाठवलं. मला जेवताना सांगितलं. मी म्हणालो, "शाब्बास."

गाडीचे पक्के कागद मेव्हण्यानं दोन दिवसांत शोरूममधून उचलले, पण मला आणून द्यायला दोन आठवडे घेतले. ते घेऊन मी आरटीओत गेलो. गाडीवर तेव्हा तात्पुरता नंबर होता, महिनाभराचा. महिन्याच्या आत पासिंग करून पक्का नंबर घ्यायचा. निरीक्षक साहेब शांत गृहस्थ होते. त्यांच्या माणसानं बॉनेट उघडलं, आत पत्र्यावर कोरलेल्या चासी नंबरावर कागदाची पट्टी धरली, वरून पेन्सिल घासली. आपण लहानपणी नाण्यावर कागद धरून घासायचो तसं. कागदावर काळ्यात पांढरे आकडे उमटले. याला छाप म्हणतात. शोरूममध्येही प्रत्येक गाडीचा असाच छाप घेऊन अर्जावर चिकटवलेला असतो. साहेबांनी दोन्ही छाप शेजारी शेजारी धरले, चष्मा वर केला.

"गाडी कुणाची?"

"माझी."

"कागद?"

"माझेच."

"मग या दोघांची एकमेकांशी ओळख नाही," ते म्हणाले. "अर्जावर शेवटी दोनशे सतरा. गाडीवर दोनशे एकसष्ट. तुम्ही मोजणीतले ना? मग तुम्हाला काय सांगायचं. कागद वेगळा, जमीन वेगळी."

माझंच वाक्य, दुसऱ्याच्या तोंडून. कसं लागतं ते तेव्हा कळलं.

मी म्हणालो, "साहेब, टायरांचे नंबर बरोबर आहेत." आणि वही पुढं केली.

त्यांनी वही वाचली. पाचही ओळी वाचल्या. मग मिटून परत दिली आणि गाडी आवारातल्या कडुनिंबाखाली लावायला सांगितली. तात्पुरत्या नंबराचे बारा दिवस उरले होते. तेवढ्यात कागद आणि गाडीचं जुळवून आणलं तर ठीक, नाहीतर गाडी संशयास्पद म्हणून त्यांना पोलिसांकडे कळवावं लागेल. "तुम्ही सरकारी नोकर. चौकशी लागली की ती तुमच्या नोकरीपर्यंत जाईल. लवकर बघा," असं ते अगदी मायेनं म्हणाले. मला ती मायासुद्धा संशयास्पद वाटली.

घरी चालत आलो. हिनं दार उघडलं, माझ्यामागं रस्त्यावर पाहिलं आणि विचारलं, "गाडी?"

"आरटीओत ठेवून घेतली."

"आणि हो, आज आणखी एक रजिस्टर आलं होतं. परत पाठवलं."

त्या मनःस्थितीतही मी तिला म्हणालो, "बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सांगली गाठली. मेव्हण्यानं स्कूटर काढली. मागं बसून मी त्याच्या पाठीकडे पाहत विचार करत होतो. दसऱ्याला शोरूमवाल्यांनी मला किल्लीला अडकवायचं एक कडं दिलं आणि याला भिंतीवरचं घड्याळ. गाडी मी घेतली, घड्याळ याला का?

"एवढं गप्प का, दाजी?"

"घड्याळ चालतंय का तुझं?"

"चालतंय की. का?"

"काही नाही."

त्यानं पुढच्या चौकात गिअर बदलला. मग स्कूटर चालवता चालवताच म्हणाला, "दाजी, माझ्यावर पण संशय का?"

शोरूममध्ये तो काळ्या बोटांचा कारकून होता. त्याला मी छापांचं सांगितलं. तो दचकलाही नाही.

"व्हय साहेब, तुमची आणि त्या दुसऱ्या पार्टीची अदलाबदल झालीय. आम्हाला कळलंय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या गाड्यांचे छाप काढून टेबलावर मांडले होते, लाईट गेलेली. ती आली आणि पंखा फिरला. पट्ट्या उडाल्या. गोळा करून चिकटवताना दोन इकडच्या तिकडं झाल्या. चूक आमचीच आहे, नाही म्हणत नाही. सगळे कागद त्या छापांवरूनच केलेले, म्हणून गेटपासपासून विम्यापर्यंत सगळीकडं तोच घोळ."

पंखा! उंदरानं नकाशा खाल्ला, पुरात हिश्श्यांच्या नोंदींचं फाळणीबुक वाहून गेलं, असल्या सबबी मी बांधांवर ऐकल्या होत्या. काही स्वतःही दिल्या होत्या. पंखा मात्र नवा होता.

"मग मला कळवलं का नाही?"

"तुमच्याकडं फोन नाही. ती दुसरी पार्टी इथं आली होती. तुमचा पत्ता घेऊन गेले. मी स्वतः पत्र घालतो म्हणाले. मिळालं असेल की तुम्हाला."

"मला कसलंही पत्र आलेलं नाही," मी ठणकावून सांगितलं, आणि ते माझ्या मते शंभर टक्के खरं होतं. 'पत्र पाठवलं होतं' ही सरकारी ऑफिसातली सगळ्यात जुनी थाप. ती मी इतक्यांना मारली होती की माझ्यावर मारली गेलेली तिथल्या तिथं ओळखली.

शेजारच्या टेबलावरच्या फायनान्सवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, तुमचा बदलाचा अर्ज येईपर्यंत आमच्या दृष्टीनं तुमच्या नावावर दोनशे सतरा. आमचा बोजा दोनशे सतरावर. आरटीओत उभी आहे ती गाडी आम्हाला माहीत नाही. सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो तसं हे, तेवढं मला समजलं. म्हणजे मी हप्ता भरायचा एका गाडीचा, आणि ती गाडी चरणार दुसऱ्याच्या गोठ्यात.

"ही दोनशे सतरा आहे कुठं?"

कारकुनानं वही उघडून सांगितलं, औंधच्या अलीकडचं एक गाव. फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार.

परतीच्या एस.टी.त माझा तपास पूर्ण झाला. पंखा वगैरे बनाव होता. माझ्या वाट्याला आलेली गाडी नक्कीच कुठंतरी ठोकलेली, रंग देऊन उभी केलेली. चांगली गाडी त्या सुभेदाराला दिली. तो सगळं जाणून गप्प बसलाय, कारण त्याचं कशाला अडतंय? कारकून, फायनान्सवाला, सुभेदार एका माळेचे. मेव्हण्याचं घड्याळाच्या हिशेबात बसत होतं. आता मी सुभेदाराला आगाऊ कळवून गेलो तर तो गाडी लपवणार, नाहीतर नंबरच खरडून टाकणार. तेव्हा न सांगता जायचं, ती गाडी गाठायची, छाप घ्यायचा आणि पुराव्यानिशी सगळ्यांना उभं करायचं.

त्यासाठी कारण हवं होतं. ते माझ्या खांद्यालाच होतं. टेप, पेन्सिली आणि गुंडाळलेल्या नकाशाची पिशवी अडकवून मी औंधच्या एस.टी.त चढलो. मी मोजणीला चाललोय असं कुणाला सांगितलं नाही. नाही असंही सांगितलं नाही.

समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं नकाशाच्या भेंडोळीकडे पाहिलं. "मोजनीचं सायेब का?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. तेवढं पुरलं. मी गावात उतरून सुभेदारांचं घर विचारीपर्यंत बातमी माझ्या पुढं पोचली होती. सुभेदार दारात उभे होते. उंच, भरघोस मिशा. कुठंतरी पाहिल्यासारखे वाटले. पण फौजेतून आलेल्या मिशा आमच्या भागात गावागणिक चार, म्हणून मी फार विचार केला नाही.

"या साहेब, या! अडीच वर्सं झाली अर्ज करून. म्या म्हनलं मोजनी आता माज्या तेराव्यालाच येतीया."

आता काय करता? मी ओसरीवर बसलो. नवं सिमेंटचं घर, पुढं पत्र्याची शेड. शेडमध्ये म्हैस आणि म्हशीशेजारी काहीतरी मोठं, चौकोनी, जुन्या लुगड्यांच्या वाकळींनी नखशिखांत झाकलेलं. ओसरीच्या कडेला सुभेदारांची आई शेंगा फोडत बसली होती. ऐंशीच्या पुढची, कानानं जरा मंद, डोळे मात्र घारीचे.

चहा आला. मी कप हातात धरून त्यात पाहत राहिलो. लाच नको, उपकार नको, आणि माझ्या मते तर हा चोराच्या घरचा चहा.

म्हातारी म्हणाली, "पी की रं बाबा. चा पावडर आन साकरच हाय त्यात."

मी प्यायलो. सुभेदार उठले. "भावकीला घिऊन येतो. त्यांच्या म्होरं मोजा. न्हाईतर म्हंत्याल, फौजीनं सायबाला चा पाजला आन दगूड सरकिवला." आणि ताडताड चालत गेले.

मी म्हातारीला जरा मोठ्यानं विचारलं, "आजी, ते वाकळीखाली काय आहे?"

"लेकाची गाडी. दसऱ्याची आनलीया."

"चालवत नाहीत वाटतं?"

"यमाईला दावून आनली आन तवापसनं हितंच. कागूद येईपत्तूर जागची हलवायची न्हाई म्हंतोय."

लपवली! मला कानात शंख वाजल्यासारखं झालं. ज्याचं मन साफ तो नवी गाडी गावभर मिरवतो. हा वाकळीत गुंडाळून म्हशीआड ठेवतो.

"जरा बघू का?"

"बग की. ती काय चावती व्हय?"

मी वाकळ वर केली. दार उघडंच होतं. आतला खटका ओढून बॉनेट उचललं. म्हशीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून कागदाची पट्टी आणि पेन्सिल काढली. आता नकाशावर बारीक रेघ मारायची आमची पेन्सिल कठीण असते. ती घासली तर काही उमटेना. म्हणून मी आणखी आत वाकलो, जोर लावला, पाठ बाहेर आणि मुंडकं आत, आणि एकेक आकडा फिकट फिकट दिसू लागला. शेवटी दोन. मग एक. सात यायला लागला होता.

"घासू नका एवढं, म्या सांगतो," मागून आवाज आला. आणि कुणी पाढा म्हणावा तसा तो सबंध चासी नंबर, पहिल्या अक्षरापासून दोनशे सतरापर्यंत, न अडखळता मला ऐकवण्यात आला.

मी उठलो तो बॉनेटला डोकं आपटून. मागं सुभेदार, आणि त्यांच्या मागं सात-आठ जणांची भावकी.

"फौजेत रायफलीचा नंबर झोपेतून उठवून इचारायचं," सुभेदार म्हणाले. "सवं ऱ्हायलीया. दसऱ्याला गाडी बगितली तवाच पाठ केला. घरी येऊन गेटपास बगतो तर येगळाच." मग मला आपादमस्तक न्याहाळून, "तुमी मोजनीचं न्हाई. तुमी साताऱ्याचं गाडीवालं."

"मी दोन्ही आहे," मी म्हणालो.

आणि त्याच क्षणी मला त्या मिशा आठवल्या. माझ्या शेजारी बॉनेट उघडून वाचत उभा असलेला तो अडाणी गडी.

सुभेदार आत गेले आणि पत्र्याच्या ट्रंकेतून एक फाइल घेऊन आले. तिच्यातून तीन पाकिटं काढून त्यांनी माझ्यापुढं पत्ते मांडावेत तशी मांडली. तिन्हींवर माझं नाव, माझा पत्ता. तिन्हींवर आमच्या पोस्टमनच्या तिरप्या अक्षरात: घेण्यास नकार. घेण्यास नकार. घेण्यास नकार.

"पैलं माघारी आलं तवा म्हनलं, मानूस गावाला गेलं असंल. दुसरं आलं, म्हनलं आजारी असंल. तिसरं आलं तवा कळलं, हे बेनं गाडी दाबायला बगतंय." त्यांनी फाइलीतून आणखी एक कागद काढला. "ह्यो पोलिसातला अर्ज. उद्या द्यायचा हुता."

अर्जात मी होतो. सुभेदारांची गाडी घेऊन पसार झालेला, पत्र स्वीकारत नसलेला, शोरूमच्या कारकुनाशी संगनमत असलेला इसम. कारकुनाबद्दलचा परिच्छेद तर मी मनात एस.टी.त रचला होता त्यापेक्षा बरा होता.

पाकिटं त्यांनी माझ्याकडून फोडून घेतली. प्रत्येकात तोच संच. चूक आपली आहे असं लिहिलेलं शोरूमचं पत्र, अगदी पंख्यासकट. फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र. आणि दोघा मालकांचा संयुक्त अर्ज, सुभेदारांची सही झालेली, माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. सोबत चिठ्ठी: गाडी बदलता येणार नाही, कारण आमची यमाईदेवीला दाखवून झाली आहे, कागद मात्र बदलू. फुलीवर सही करून परत पाठवावे. तुमच्या घरच्यांस नमस्कार.

पहिलं पत्र दसऱ्यानंतर चौथ्या दिवशीचं. म्हणजे मी आरटीओत वही पुढं करत होतो त्याच्या किती आधी ही गाठ सुटलेली होती. फक्त ती माझ्या दारावरून तीनदा परत गेली होती, आणि त्यातल्या दोनदा मी बायकोची पाठ थोपटली होती.

मी खिशातून पेन काढलं. सुभेदारांनी कागदावर हात ठेवला.

"न्हाई. आदी वाचा. मोठ्यानं."

"वाचलं ना मी."

"तुमचं वाचनं म्या दसऱ्याला बगितलंया. टायर वाचत हुता. मोठ्यानं वाचा."

मग औंधच्या अलीकडच्या त्या गावात, भावकीसमोर, म्हशीसमोर, मी तो अर्ज शाळेतल्या पोरासारखा उभं राहून वाचला. चासी नंबर वाचताना सुभेदार डोळे मिटून सोबत म्हणत होते. एक आकडा मी चुकलो. त्यांनी परत वाचायला लावला.

त्यापुढचं थोडक्यात सांगतो. पाच दिवसांनी कागद आरटीओत गेले. निरीक्षक साहेबांनी नवे छाप जुळवले आणि गाडी कडुनिंबाखालून सुटली. छतावर लिंबाचा पाला आणि पक्ष्यांची कृपा घेऊन ती घरी आली. मेव्हण्याला मी काही बोललो नाही, पण पुढच्या दिवाळीत त्याच्या घड्याळाचं तोंड भरून कौतुक केलं. त्यानं ते भिंतीवरून काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "न्या दाजी. म्हणजे तुम्हाला झोप लागंल."

पण त्या दिवशी ओसरीवर अजून एक प्रश्न शिल्लक होता. भावकीतले लोक उन्हात उभे होते आणि त्यांच्यातल्या, सुभेदारांच्या बांधाला लागून रान असलेल्या चुलतभावानं विचारलं, "मंग मोजनीचं काय?"

"मोजनी न्हाई आज," सुभेदार म्हणाले. "सायेब गाडीच्या पायी आल्यात."

मला फार वाईट वाटलं. अडीच वर्षं वाट पाहणाऱ्याला मी भेंडोळी दाखवून फसवलं होतं, आणि त्याच माणसानं मला चहा पाजून संकटातून सोडवलं होतं. मी उठलो, जरा घसा साफ केला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "सुभेदार, तुमच्या अर्जाचा नंबर द्या. मी स्वतः लक्ष घालतो. रीतसर तारीख काढून मीच मोजणीला येतो आणि तुमची हद्द कायम करून देतो."

सुभेदारांचा चेहरा खुलला. पण शेंगा फोडणं थांबवून म्हातारीनं त्यांना खुणेनं जवळ बोलावलं. कानात बोलायला म्हणून. पण ऐकू कमी येणाऱ्या माणसाचं कानातलं बोलणं ते. शेवटच्या माणसापर्यंत गेलं.

"पत्रं माघारी धाडली ती ह्यानंच व्हय रं?"

"व्हय आई."

"आन दुसऱ्याची गाडी आपली म्हनून घिऊन गेला, त्यो बी ह्योच?"

"व्हय."

"आन आता ह्यो आपला बांध मोजनार?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारीनं मांडीवरची टरफलं झटकली, एकदा मला नीट न्याहाळलं आणि चुलतभावाकडे वळून म्हणाली,

"ऱ्हाऊ दे रं बाबा. तुमी सरकिवलाय तितंच बरा हाय."